शिक्षेनंतर आलेला मृत्यू : प्रस्तावना

एका माणसाने दुसऱ्यावर हल्ला केला. खटला चालला, शिक्षा झाली, ती भोगून तो घरी आला. जखमी माणूस मात्र अंथरुणाला खिळला आणि काही वर्षांनी त्यातच गेला. आता याला खून म्हणायचे का? म्हणायचे असेल, तर त्याच हल्लेखोराला पुन्हा कोर्टात उभे करता येते, की एकदा शिक्षा भोगली म्हणजे हिशेब मिटला? या पुस्तकाचा विषय एवढाच आहे. तो अरुंद वाटतो, पण फौजदारी कायद्याचे तीन मूलभूत प्रश्न त्यात एकाच जागी येऊन भिडतात. शिक्षा कृत्याची असते की परिणामाची? सरकारच्या खटल्यातून माणूस कायमचा मोकळा कधी होतो? आणि फार उशिरा आलेल्या मृत्यूचे कारण ठरवायचे कसे?

महाराष्ट्रापुढे हे प्रश्न सर्वांत ठळकपणे आले ते अरुणा शानबाग यांच्यामुळे. त्या मूळच्या कर्नाटकातील हळदीपूरच्या, मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील सफाई कामगार सोहनलाल वाल्मीकी याने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला आणि लैंगिक अत्याचार केला. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने त्या पंचविशीतच कायमच्या अंथरुणाला खिळल्या. खटला चालला तो खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी या आरोपांवर. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. सात वर्षांची शिक्षा झाली आणि १९८० साली आरोपी सुटला. इकडे केईएमच्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना सांभाळले. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने केलेल्या अर्जावर न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यान सुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने ७ मार्च २०११ रोजी दिलेला निकाल इच्छामरणाच्या चर्चेत आजही पायाभूत मानला जातो. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा शानबाग यांचे निधन झाले. हल्ल्याला तेव्हा साडेएकेचाळीस वर्षे झाली होती.

त्या आठवड्यात घरोघरी एकच प्रश्न होता : आता त्या हल्लेखोरावर खुनाचा खटला होणार का? बहुतेकांनी स्वतःच उत्तरही देऊन टाकले, की एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा नसते, राज्यघटनेतच तसे लिहिले आहे. हे उत्तर अपुरे होते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०० ने दुबार खटल्याला मनाई केली होती हे खरे. पण त्याच कलमाच्या पोटकलम (३) मध्ये नेमक्या या प्रसंगासाठी वाट ठेवलेली होती. एखाद्या कृत्याबद्दल माणूस दोषी ठरला आणि त्या कृत्याचा असा परिणाम पुढे घडला, की कृत्य आणि परिणाम मिळून वेगळाच गुन्हा होतो, तर त्या वेगळ्या गुन्ह्याबद्दल त्याच्यावर नव्याने खटला चालवता येतो. अट एकच : पहिल्या निकालाच्या वेळी तो परिणाम घडलेला नसावा किंवा न्यायालयाला माहीत नसावा. कायदा करणारे इथेच थांबले नाहीत, त्यांनी कलमाखाली उदाहरणही दिले : गंभीर दुखापतीबद्दल एकजण दोषी ठरतो, जखमी माणूस नंतर मरतो, तर त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला पुन्हा चालू शकतो. १८९८ च्या संहितेत हीच तरतूद कलम ४०३ मध्ये होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३३७ मध्ये आहे. तीन संहिता झाल्या, नियम बदलला नाही.

म्हणजे कायद्याचे दार उघडे होते. तरीही खुनाचा खटला उभा राहिला नाही. पुस्तकाची सुरुवात इथून होते. आमचे म्हणणे थोडक्यात असे : उशिरा आलेल्या मृत्यूच्या प्रकरणात दुबार खटल्याची मनाई हा खरा अडथळा जवळजवळ कधीच नसतो. अडथळा असतो तो घावापासून मृत्यूपर्यंतचा संबंध सिद्ध करण्याचा, आणि तो संबंध कोर्टात नव्हे, रुग्णालयाच्या नोंदवहीत आणि पोलीस स्टेशनच्या कागदांत टिकतो किंवा तुटतो.

नवख्या वाचकासाठी आधी या विषयाचा इतिहास. घाव आणि मृत्यू यांत किती दिवस गेले यावर शिक्षा ठरवण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, कंटकशोधन या चौथ्या अधिकरणाच्या अकराव्या अध्यायात शिक्षेची उतरंड स्पष्ट दिली आहे. भांडणात जखमी झालेला माणूस सात रात्रींच्या आत मेला तर मारणाऱ्याला वध, पंधरवड्याच्या आत मेला तर सर्वोच्च दंड, महिन्याच्या आत मेला तर पाचशे पणांचा दंड आणि शिवाय उपचाराचा खर्च. दिवस वाढतील तशी शिक्षा उतरत जाते. यामागचा विचार उघड आहे. मृत्यू जितका लांब, तितकी त्याच्या कारणाबद्दलची खात्री कमी. आणि खात्री कमी असेल तर देहदंड देऊ नये.

इंग्लंडने हाच विचार वेगळ्या मापाने मोजला. तिथे मध्ययुगापासून नियम होता की घावानंतर एक वर्ष आणि एक दिवस उलटून मृत्यू आला, तर तो कायद्याने मनुष्यवध नाहीच. वैद्यकशास्त्र बाल्यावस्थेत असताना हे शहाणपणाचे होते. विसाव्या शतकात, अतिदक्षता विभाग आणि कृत्रिम श्वसन आल्यावर, तेच माप अन्यायाचे ठरू लागले. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. त्यात मेंदूला इजा झालेला टोनी ब्लँड हा तरुण, न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवल्यानंतर, मार्च १९९३ मध्ये गेला. त्या दिवशी बंदोबस्ताची सूत्रे सांभाळणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यावर पुढे खटला चालला तेव्हा ९६ पैकी ९५ मृत्यूंचाच आरोप ठेवता आला. ब्लँडचा मृत्यू वर्ष-दिवसाच्या रेषेपलीकडे पडला होता. त्या अधिकाऱ्याची २०१९ मध्ये निर्दोष मुक्तता झाली. इंग्लंडने हा नियम १९९६ च्या कायद्याने रद्द केला, पण जुन्या घटनांना जुनेच माप लागले. आपल्या दंड संहितेने मात्र असे कुठलेही माप कधी स्वीकारलेच नाही. भारतात घावानंतर दहा वर्षांनी आलेला मृत्यूही, संबंध सिद्ध झाला तर, खून असू शकतो. खुनासारख्या गुन्ह्याला मुदतीचे बंधनही नाही.

जगभरच्या कायद्यांचा पसारा पाहिला तर या प्रश्नावर चार भूमिका दिसतात. पहिली कृत्याची : माणसाने एकदा हात उचलला, त्याची शिक्षा एकदा भोगली, पुढे काय घडेल ते त्याच्या हातात नव्हते, त्याला पुन्हा बोलावू नये. दुसरी परिणामाची : जखमी जिवंत असताना खून हा गुन्हा अस्तित्वातच नव्हता, मग त्याची शिक्षा आधीच झाली असे कसे म्हणता येईल? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१२ मध्ये फिलिपिन्समधून आलेल्या डियाझ प्रकरणात आणि इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९४९ मध्ये थॉमस प्रकरणात हीच बाजू घेतली. थॉमसला पत्नीवर खुनाच्या हेतूने वार केल्याबद्दल शिक्षा झाली होती. पत्नी नंतर वारली आणि त्याला खुनाच्या आरोपाला सामोरे जावे लागले. भारतीय संहिता पहिल्यापासून याच पक्षाची. तिसरी भूमिका मुदतीची, तिचा उल्लेख वर आला. चौथी परवानगीची : दार उघडे ठेवा, पण दारावर जबाबदार माणूस बसवा. १९९६ नंतरच्या इंग्लंडमध्ये घावाला तीन वर्षांहून अधिक काळ उलटला असेल किंवा त्याच घटनेतील गुन्ह्याबद्दल आरोपीला आधी शिक्षा झाली असेल, तर ॲटर्नी जनरलच्या संमतीशिवाय मनुष्यवधाचा खटला भरता येत नाही.

आपल्या कायद्यात कलम ३३७ च्या या विशिष्ट वाटेवर असा दारवान नाही. काही निराळ्या प्रकारच्या दुसऱ्या खटल्यांना राज्य सरकारची संमती लागते, उशिरा आलेल्या मृत्यूला लागत नाही. निर्णय पोलिसांचा आणि न्यायालयाचा. ही रचना पुरेशी आहे का, यावर पुस्तकात मतभेद मांडले आहेत. माझा कल परवानगीच्या बाजूला आहे, त्याची कारणे पुढे देतो.

आता घटनेबद्दल. अनुच्छेद २०(२) सांगतो की एकाच गुन्ह्याबद्दल कुणावरही एकाहून अधिक वेळा खटला चालवून शिक्षा करता येणार नाही. या वाक्याचा अर्थ ठरवण्यात जुन्या मुंबई राज्यातील दोन प्रकरणांचा मोठा वाटा आहे. मकबूल हुसेन प्रकरणात सांताक्रूझ विमानतळावर सोने पकडले गेले, कस्टम अधिकाऱ्यांनी ते जप्त केले आणि नंतर परकीय चलन कायद्याखाली खटला भरला. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये सांगितले की कस्टम अधिकारी म्हणजे न्यायालय नव्हे, त्यामुळे जप्ती ही घटनेच्या अर्थाने शिक्षा नाही. १९६१ च्या आपटे प्रकरणात त्याच न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की दोन गुन्ह्यांचे घटक वेगळे असतील, तर वस्तुस्थिती एकच असूनही ते दोन गुन्हे आहेत. ही कसोटी आपल्या विषयाला लावली की उत्तर सरळ येते. गंभीर दुखापतीत मृत्यू हा घटक नाही. खुनात तोच कळीचा घटक आहे. म्हणून घटनेची मनाई इथे आड येत नाही.

पण ही वाट सर्वांना सारखी मोकळी नाही. पोटकलम (३) दोषी ठरलेल्याबद्दल बोलते, निर्दोष सुटलेल्याबद्दल नाही. समजा, दुखापतीच्या खटल्यात आरोपी सुटला आणि जखमी नंतर वारला. त्या वेळी मृत्यू झालेलाच नव्हता, तेव्हा खुनाचा आरोप ठेवता आला नसता, असा युक्तिवाद सरकारला करता येईल. पण आरोपीच्या बाजूने लागलेल्या निकालात जी वस्तुस्थिती ठरली, ती पुढच्या खटल्यात पुन्हा उकरून काढता येत नाही, हे तत्त्व १९५६ च्या प्रीतम सिंग निकालापासून आपल्याकडे रुजलेले आहे. ‘हल्ला याने केला हे सिद्ध झाले नाही’ असे एका न्यायालयाने म्हटले असेल, तर मृत्यू झाला म्हणून हल्लेखोर बदलत नाही. इंग्लंडने २००३ च्या कायद्याने गंभीर गुन्ह्यांत नवा व ठोस पुरावा मिळाल्यास निर्दोष मुक्तताही रद्द करण्याची सोय केली. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या १९९३ मधील खुनाबद्दल आधी सुटलेला एक आरोपी त्यामुळेच जानेवारी २०१२ मध्ये दोषी ठरला. भारतात तशी सोय नाही.

आणि इथेच आमच्यासारख्या गावांचा एक प्रश्न येतो, जो मुंबईच्या चर्चेत कधी आला नाही. वरवट बकाल हे संग्रामपूर तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यातले शेतीवर जगणारे गाव. अशा भागात फौजदारी खटल्यांचे मूळ पुष्कळदा धुऱ्याच्या वादात असते : वहिवाटीचा रस्ता, पाण्याचा पाट, नांगरताना सरकलेली तास. काठी, कुऱ्हाड, बैलगाडीची उभारी जे हाताला येईल ते चालते. मग दोन्हीकडून तक्रारी होतात, गावातली चार वडीलधारी मंडळी बसतात, आणि ‘भाऊबंदकीचे प्रकरण आहे, आपसात मिटवा’ असे ठरते. साधी दुखापत कायद्यानेच आपसात मिटवता येते; हाड मोडण्यासारखी गंभीर दुखापत न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येते. फार थोड्यांना ठाऊक असते की अशा तडजोडीचा कायदेशीर परिणाम आरोपीच्या निर्दोष मुक्ततेसारखा असतो. तडजोडीनंतर सहा महिन्यांनी जखमी माणूस डोक्यातल्या गाठीने वारला, तर पोटकलम (३) ची वाट, जी दोषी ठरलेल्यासाठी आहे, ती त्याच्या घरच्यांना सरळ उपलब्ध नसते. तडजोड वाईट असे मला म्हणायचे नाही. तडजोडीमुळेच गावे टिकतात. पण डोक्याचा किंवा पाठीच्या कण्याचा मार असेल, तर डॉक्टरने धोका टळल्याचे लेखी दिल्याशिवाय सही करू नये, एवढे तरी प्रत्येक घराला माहीत असावे.

वाहन अपघातांत हीच गोष्ट आणखी घाईने घडते. निष्काळजीपणे वाहन चालवून जखमी केल्याचा गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा आणि मोकळे व्हायचे, ही रीत सगळीकडे आहे. जखमी त्यानंतर दगावला, तर चालकावर मृत्यूस कारणीभूत झाल्याचा नवा खटला होऊ शकतो, कारण इथे तो दोषी ठरलेला असतो. गुन्हा कबूल करणाऱ्याला हे सांगितले जाते का, असा साधा प्रश्न एका प्रकरणात विचारला आहे.

मृत्यू खटला सुरू असतानाच आला तर गोष्ट सोपी असते. पोलिसांच्या भाषेत त्याला ‘कलम वाढवणे’ म्हणतात : जुन्या दंड संहितेत खुनाच्या प्रयत्नाच्या ३०७ चे खुनाचे ३०२ व्हायचे, भारतीय न्याय संहितेत १०९ चे १०३ होते. न्यायालय निकालापूर्वी केव्हाही आरोप बदलू शकते. कठीण असतो तो निकालानंतरचा मृत्यू, कारण तेव्हा फाईल बंद झालेली असते आणि ती उघडायला कुणीतरी ठाण्यात जाऊन सांगावे लागते.

मुख्य लढाई कारणाची. कायदा इथे जखमी माणसाच्या बाजूने उदार आहे. सदोष मनुष्यवधाच्या कलमाला जोडलेली दोन स्पष्टीकरणे, पूर्वी कलम २९९ मध्ये आणि आता कलम १०० मध्ये, सांगतात की आधीच आजारी असलेल्या माणसाला जखम करून त्याचे मरण लवकर आणले, तरी ते मरण आणलेच. आणि चांगल्या उपचाराने वाचला असता, ही सबब चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये छत्तीसगडच्या प्रसाद प्रधान प्रकरणात, जे जमिनीच्याच वादातून घडले होते, स्पष्ट केले की घाव आणि मृत्यू यांच्यात दिवस गेले एवढ्यावरून खून सौम्य होत नाही. तिथे अंतर सुमारे वीस दिवसांचे होते. वीस दिवसांचे अंतर पार करणे आणि वीस वर्षांचे पार करणे यांत मात्र फरक आहे.

तो फरक फिलाडेल्फियाच्या एका प्रकरणात पाहता येतो. वॉल्टर बार्कले हा तरुण पोलीस १९६६ मध्ये गोळी लागून कमरेखाली लुळा झाला. हल्लेखोराने शिक्षा भोगली. २००७ मध्ये बार्कले संसर्गाने वारला, तेव्हा म्हाताऱ्या हल्लेखोरावर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. बचाव पक्षाने मधल्या चार दशकांतले अपघात आणि पडण्याचे प्रसंग पुढे केले, आणि २०१० मध्ये ज्युरीने त्याला सोडले. दुबार खटल्याचा मुद्दा तिथे निर्णायक ठरला नाही. ज्युरीला गोळी ते संसर्ग ही वाट पटली नाही. अध्यक्ष रेगन यांच्यावरील १९८१ च्या हल्ल्यात जखमी झालेले जेम्स ब्रॅडी २०१४ मध्ये गेले आणि वैद्यकीय तपासणीत तो मनुष्यवध ठरला, पण जानेवारी २०१५ मध्ये सरकारी वकिलांनी खुनाचा खटला न भरण्याचे जाहीर केले : ज्युरीने हल्लेखोराला वेडसरपणाच्या कारणाने आधीच सोडले होते आणि १९८१ मध्ये तिथे वर्ष-दिवसाचा नियम लागू होता. त्यानंतर चारच महिन्यांनी अरुणा शानबाग गेल्या.

आता हाच प्रश्न आमच्या मातीत आणून पाहा. संग्रामपूर आणि जळगाव जामोद हे तालुके पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतात. इथल्या खाऱ्या पाण्याची आणि मूत्रपिंडाच्या विकारांची चर्चा वर्षानुवर्षे होत आली आहे. मारहाणीत कंबर मोडून अंथरुणाला खिळलेला माणूस चार वर्षांनी मूत्रपिंड निकामी होऊन गेला, तर त्याचे कारण मार की पाणी? स्पष्टीकरणातला उदार नियम म्हणतो, मार कारणीभूत असू शकतो. पण ‘असू शकतो’ वर कुणाला जन्मठेप होत नाही. त्यासाठी मार लागण्यापूर्वीची तपासणी, मार लागल्या दिवसाचे जखमी प्रमाणपत्र, प्रत्येक रुग्णालयातले सुट्टीचे कागद आणि शेवटी शवविच्छेदन अशी सलग मालिका लागते. वरवट बकालमध्ये ग्रामीण रुग्णालय आहे. गंभीर मार असला की रुग्ण खामगाव किंवा अकोल्याला रेफर होतो, कधी नागपूरला. म्हणजे एका माणसाचे कागद तीन-चार ठिकाणी पडतात. वर्षांनी मृत्यू आला की घरचे अंत्यसंस्कार उरकतात, कारण हा आजारपणातला मृत्यू असे सगळेच समजतात. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल होत नाही, शवविच्छेदन होत नाही, आणि खुनाचा खटला त्या क्षणी संपतो. पुढे कितीही निष्णात वकील मिळाला तरी.

याच ठिकाणी एक उपयुक्त बाब वाचकाने ध्यानात ठेवावी. जखमी माणसाने पोलिसांना दिलेला जबाब तो जिवंत असताना फारसा कामाचा नसतो, त्याला स्वतः साक्ष द्यावी लागते. पण त्याच्या मृत्यूच्या कारणाबद्दल खटला उभा राहिला, तर तोच जबाब मृत्यूपूर्व जबाब म्हणून पुराव्यात येऊ शकतो. पूर्वी पुरावा अधिनियमाच्या कलम ३२ मध्ये असलेली ही तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ मध्ये आहे. वर्षांपूर्वीच्या त्या कागदाची किंमत मृत्यूने वाढते, म्हणून तोही जपला पाहिजे.

आरोपीची बाजू या पुस्तकात तेवढ्याच गांभीर्याने मांडली आहे. शिक्षा भोगून आलेला माणूस संसार उभा करतो, साक्षीदार मरतात, त्याच्या बचावाचे कागदही हरवतात. त्याच्यावर टांगती तलवार किती काळ ठेवायची? आधी भोगलेली वर्षे नव्या शिक्षेत कशी धरायची? आणखी एक सूक्ष्म धोका आहे. पहिल्या खटल्यात सरकारी पक्षाने आळस केला, योग्य कलमे लावली नाहीत, शिक्षा कमी झाली, तर तो दोष झाकायला मृत्यूची वाट पाहणे हे न्यायाचे लक्षण नाही. खुनाच्या प्रयत्नात दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा देता येते आणि कमी शिक्षेविरुद्ध सरकारला अपील करता येते. केईएमच्या खटल्यातली खरी चूक १९७४ च्या आसपासची होती. २०१५ मध्ये ती दुरुस्त होण्यासारखी नव्हती. म्हणूनच दुसऱ्या खटल्यापूर्वी एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याने कागद तपासून लेखी संमती द्यावी, असे मला वाटते. ती पीडिताच्या घरच्यांनाही फसव्या आशेपासून वाचवील.

हा विषय आत्ताच का? कारण तीन गोष्टी एकदम बदलल्या आहेत. पहिली, उपचार सुधारल्याने पूर्वी घटनास्थळी मरणारी माणसे आता वर्षानुवर्षे जगतात. उशिरा येणारे मृत्यू वाढतच जाणार. दुसरी, मार्च २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने उपचार थांबवण्याचा हक्क मान्य झाला. घरच्यांनी कायदेशीर मार्गाने उपचार थांबवले तर मृत्यू कुणामुळे आला, हल्लेखोरामुळे की त्या निर्णयामुळे, हा प्रश्न आज ना उद्या सत्र न्यायालयांपुढे येणारच. तिसरी, नव्या संहितांनी सगळे क्रमांक बदलले. १ जुलै २०२४ पूर्वी घाव आणि नंतर मृत्यू, अशा प्रकरणात कोणता कायदा, याचे उत्तर पुढची कित्येक वर्षे शोधावे लागेल. आमच्या मते कृत्य घडले त्या दिवशीचा दंडविषयक कायदा लागू व्हावा. एका बाबतीत मात्र संसदेने मृत्यूची वाट पाहणेच संपवले. २०१३ च्या दुरुस्तीने बलात्काराची व्याख्या रुंदावली, आणि बलात्कारात पीडिता मृत्यू पावली किंवा कायमची अचेतन अवस्थेत गेली तर दोन्हींना सारखीच शिक्षा ठेवली : किमान वीस वर्षे, कमाल देहदंड. न्याय संहितेचे कलम ६६ तेच सांगते. १९७३ मध्ये हा कायदा असता तर २०१५ चा प्रश्न पडलाच नसता.

हे पुस्तक वकिलांसाठी आहेच. पण त्याहून जास्त ते ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी, ठाणे अंमलदार, पोलीस पाटील, विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि ज्यांच्या घरात असा जखमी माणूस आहे अशी कुटुंबे यांच्यासाठी आहे. निकालांची जंत्री देण्यापेक्षा प्रत्येक प्रश्न कृत्य, परिणाम, मुदत आणि परवानगी या चार भूमिकांतून तपासण्याचा प्रयत्न आहे. जिथे न्यायालयांनी अजून उत्तर दिलेले नाही, तिथे दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मांडून थांबलो आहोत. गावातल्या कोणत्याही खऱ्या प्रकरणाची ओळख पटेल असे काही इथे नाही. उदाहरणे कल्पित आहेत, निकाल खरे आहेत.

एक सूचना मात्र पुस्तक भर देऊन करते, आणि तिला नवा कायदा लागत नाही. डोके, कणा किंवा पोटातील अवयव यांना गंभीर इजा झालेल्या प्रत्येक प्रकरणात जखमी प्रमाणपत्राची, रेफर चिठ्ठीची आणि सुट्टीच्या कागदाची एकेक प्रत कुटुंबाला द्यावी, रुग्णालयाने मूळ नोंद खटल्याच्या निकालानंतरही राखावी, आणि असा माणूस पुढे केव्हाही वारला तर अंत्यसंस्कारापूर्वी ठाण्यात कळवावे, असे लेखी सांगावे. त्यातून दरवेळी खुनाचा खटला निघणार नाही. पुष्कळदा शवविच्छेदनातून उलटेच निष्पन्न होईल, की मृत्यूचा माराशी संबंध नव्हता, आणि शिक्षा भोगून आलेला माणूस खऱ्या अर्थाने मोकळा होईल. दोन्ही निष्कर्ष न्यायाचेच आहेत. आज आपल्याला यांपैकी कोणताही मिळत नाही, कारण प्रश्न विचारण्याआधीच पुरावा संपलेला असतो.

वरवट बकाल, जि. बुलढाणा